खिडकीजवळची रिकामी जागा: एका क्वेकर सभेने आपल्या सदस्याला दिलेल्या आधाराचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण उत्तर इंग्लंडमधील एका लहान गावातल्या क्वेकर सभेचे आहे. गावाचे नाव, व्यक्तींची नावे आणि ओळख पटेल असे काही तपशील मी वगळले आहेत. ज्यांच्या घरची ही हकिगत आहे त्यांना हा मजकूर इंग्रजीत तोंडी सांगून त्यांची संमती घेतली आहे. मी मूळची साताऱ्याची. या सभेची सदस्य होऊन मला बरीच वर्षे झाली, आणि ज्या काळात हे सगळे घडले त्या काळात सदस्यांची विचारपूस करण्याची जबाबदारी सभेने ज्या चौघांवर सोपवली होती त्यांपैकी मी एक होते.

क्वेकर लोक एकमेकांना 'मित्र' म्हणतात. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या सोबत्यांनी सुरू केलेल्या या ख्रिस्ती पंथाच्या ब्रिटनमधील सभांत पगारी धर्मगुरू नसतो. रविवारी सगळे गोलाकार मांडलेल्या बाकांवर तासभर शांत बसतात, एखाद्याला आतून प्रेरणा झाली तर तो उठून थोडे बोलतो, आणि शेवटी दोघांनी हस्तांदोलन केले की उपासना संपते. आमच्या सभेत सदस्य आणि नियमित येणारे मिळून पस्तीसजण आहेत; रविवारी वीसच्या आसपास जमतात.

धर्मगुरू नाही, म्हणजे आजारी माणसाच्या घरी कोणी जायचे हे पदानुसार ठरलेले नसते. त्यासाठी सभा साधारणपणे तीन वर्षांकरिता आपल्यातल्याच काहींची नेमणूक करते. उपासनेची काळजी वाहणाऱ्यांना 'एल्डर' म्हणतात, आणि माणसांची काळजी वाहणाऱ्यांना पूर्वी 'ओव्हरसिअर' म्हणत. गुलामांच्या मळ्यांवरील मुकादमांनाही हाच शब्द होता, म्हणून अनेक सभांनी तो अलीकडे सोडून दिला. या लेखात मी आमच्या चौघांच्या गटाला 'काळजी गट' म्हणते. संपूर्ण सभेनेच एकमेकांची काळजी घ्यायची असते, गट केवळ ती घेतली जात आहे ना हे पाहतो, अशी मूळ धारणा आहे. आणि या प्रकरणातील पहिली चूक याच धारणेच्या आडोशाला घडली.

या पंथाला परस्परसाहाय्य नवीन नाही. आरंभीच्या क्वेकरांपैकी एक असलेल्या मार्गारेट फेल हिने १६५४ मध्ये उत्तर इंग्लंडमधील केंडल येथे निधी उभा केला तो श्रद्धेपायी तुरुंगात पडलेल्यांसाठी आणि गावोगाव फिरणाऱ्या प्रचारकांसाठी. १७३७ मध्ये लंडनच्या वार्षिक सभेने कोणता गरजू मित्र कोणत्या सभेच्या जबाबदारीचा हे ठरवणारे नियम केले आणि औपचारिक सदस्यत्वाची कल्पना त्यातूनच पक्की झाली. म्हणजे 'आपला कोण' हा प्रश्न या पंथाला श्रद्धेच्या कसोटीपेक्षा पोटापाण्याच्या निमित्ताने आधी सोडवावा लागला. यॉर्कची गोष्ट तर मी नव्या सदस्यांना आवर्जून सांगते. १७९० मध्ये तेथील वेड्यांच्या इस्पितळात हॅना मिल्स नावाची क्वेकर विधवा मरण पावली. तिच्या दूर राहणाऱ्या नातेवाइकांनी स्थानिक मित्रांना तिला भेटायला सांगितले होते, पण त्यांना आत जाऊ दिले गेले नाही. त्या धक्क्यातून यॉर्कमधील क्वेकर व्यापारी विल्यम ट्यूक यांनी पुढाकार घेतला आणि १७९६ मध्ये 'द रिट्रीट' ही मनोरुग्णांना माणुसकीने वागवणारी संस्था उघडली. भेट नाकारली गेल्याने काय होते हे या पंथाने तेव्हाच पाहिले आहे. आमच्या प्रकरणात मात्र भेट कोणीही नाकारली नव्हती. आम्हीच गेलो नव्हतो.

ज्यांच्याविषयी हे लिहीत आहे त्या निवृत्त शिक्षिका आहेत. क्वेकर लोक उपाध्या वापरत नाहीत, सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात. पण नाव देता येत नाही, आणि मराठीत लिहिताना शिक्षिकेसाठी 'बाई' याहून योग्य शब्द मला सुचत नाही. बाईंचे वय सत्याहत्तर. त्यांचे यजमान त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे, व्यवसायाने सुतार. सभागृहाच्या मध्यभागी फुले आणि पुस्तके ठेवण्याचे जे ओक लाकडाचे टेबल आहे त्याचा एक पाय त्यांनी नवा बसवला होता, आणि तो कोणता हे दाखवल्याशिवाय ओळखता येत नाही.

अडचण

यजमानांना स्मृतिभ्रंश झाल्याचे निदान आधीच्या वसंतात झाले होते. बाईंनी ते दोघातिघांना सांगितले होते, पण 'अजून फार काही नाही' असे म्हणून. ऑक्टोबरच्या अखेरीपासून दोघे रविवारी दिसेनासे झाले. खिडकीजवळची त्यांची जागा रिकामी आहे हे सगळ्यांना दिसत होते. मला वाटले शेजारी राहणारा मित्र संपर्कात असेल. त्याला वाटले, काळजी गट आहे, म्हणजे कोणीतरी जातच असेल. क्लार्कला, म्हणजे सभेचे कामकाज चालवणाऱ्या व्यक्तीला, वाटले की दोघे मुलीकडे गेले असतील. मधल्या काळात तिघांनी फोन केला आणि तिघांनाही बाईंनी 'आम्ही ठीक आहोत' असे सांगितले. असे सात आठवडे गेले.

क्वेकरांना शांततेची सवय असते. कोणी गप्प असेल तर त्याच्या गप्प राहण्याचा मान ठेवावा, प्रश्न विचारून ते मोडू नये, हे आमच्या अंगवळणी पडलेले आहे. उपासनेत हा गुण आहे. बाईंच्या बाबतीत मात्र त्यानेच आम्हाला दाराबाहेर थांबवले. एकांत आणि एकटेपणा यांतला फरक दुरून कळत नाही, त्यासाठी दार वाजवावेच लागते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गटातली एक मैत्रीण, जी पूर्वी जिल्हा परिचारिका होती, न कळवता बाईंच्या घरी गेली. 'कसे आहात?' असे न विचारता तिने 'काल रात्री सलग किती वेळ झोप झाली?' असे विचारले. बाईंनी थोडा विचार करून 'पन्नास मिनिटे' असे उत्तर दिले आणि मग त्या बराच वेळ रडल्या. यजमान रात्री तीन-चार वेळा उठत, कामावर जायचे म्हणून बूट शोधत, आणि दार उघडून बाहेर पडू नयेत म्हणून बाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर शाल घेऊन बसत.

पर्याय आणि पहिले निर्णय

त्याच आठवड्यात आम्ही चौघे भेटलो. समोर आलेले मार्ग असे होते: सभेच्या छोट्या मदतनिधीतून पैसे देऊन काही तासांसाठी पगारी मदतनीस ठेवायचा, सभेतल्या लोकांची पाळी लावायची, सर्व काही स्थानिक परिषदेच्या समाजसेवा विभागावर सोपवून आपण केवळ पाठपुरावा करायचा, किंवा काही काळ फक्त भेटत राहायचे आणि बाई काय मागतात ते पाहायचे. परिचारिका मैत्रिणीचे मत शेवटच्या मार्गाच्या विरुद्ध होते. बाई आयुष्यभर इतरांना देत आल्या आहेत, त्या कधीच मागणार नाहीत, असे तिचे म्हणणे होते आणि ते खरे होते.

निधीतून मदत देताना आमच्याकडे नाव हिशेबात येत नाही. कोषाध्यक्ष आणि आणखी एक जण एवढ्यांनाच ते माहीत असते. तरीही बाईंनी पैसे नाकारले. आमच्या परंपरेतील उपदेशवचनांत मदत देण्याइतकेच ती घेण्यासही तयार असावे असे सांगितले आहे, याची मी त्यांना आठवण करून दिली. आज वाटते, ते मी बोलायला नको होते. गरजवंताला त्याच्याच श्रद्धेच्या आधारे कोपऱ्यात पकडणे म्हणजे मदत नव्हे.

मग आम्ही लोकांची पाळी लावली आणि तीही प्रथम चुकीची लावली. कोणी संकटात असले की जेवण पोहोचवायचे, ही आपल्या आळीतली रीत येथेही आहे. पहिल्या आठवड्यात बाईंच्या फ्रीजमध्ये चार लझान्या जमल्या, आणि त्यांची भांडी कोणाकोणाची याची चिठ्ठी लिहिण्याचे काम बाईंच्या मागे लागले. त्यांना स्वयंपाकाचा त्रास नव्हताच. त्यांना दुपारी दोन तास दार लावून झोपायचे होते. हे आम्ही विचारले तेव्हा कळले, आणि विचारले ते आठवा दिवस उजाडल्यावर. त्यानंतर मंगळवार आणि गुरुवार, दुपारी दोन ते चार, एक जण यजमानांसोबत बसेल असे ठरले.

अर्ज

या सर्व काळात सर्वाधिक उपयोगी पडलेले काम दिसायला अगदी रुक्ष होते. निवृत्तिवयाच्या पुढील आजारी किंवा अपंग व्यक्तीला देखभालीची गरज असेल तर इंग्लंडमध्ये 'अटेंडन्स अलाउन्स' नावाचा सरकारी भत्ता मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नसते. त्याचे दोन दर आहेत, आणि दिवसा व रात्री दोन्ही वेळा लक्ष द्यावे लागते अशांना वरचा दर मिळू शकतो. अर्ज मोठा असतो. बाईंनी तो एकदा भरून ठेवला होता, पण पाठवला नव्हता. आम्ही तो वाचला तेव्हा त्यात यजमानांच्या चांगल्या दिवसाचे वर्णन होते: स्वतः कपडे घालतात, थोडी आठवण करून द्यावी लागते.

वाईट दिवसाचे लिहावे असे सुचवताच बाई ठामपणे नाही म्हणाल्या. क्वेकरांमध्ये सत्याला फार मोठे स्थान आहे. न्यायालयात शपथ घेणे त्यांनी सतराव्या शतकापासून नाकारले ते याच कारणाने: शपथेखाली एक सत्य आणि एरवी दुसरे, असा भेद त्यांना मान्य नव्हता. सरकारकडून पैसे मिळावेत म्हणून परिस्थिती आहे त्याहून वाईट रंगवणे बाईंना खोटेपणाचे वाटत होते. त्यांची ही अडचण खरी होती आणि ती समजावणीने सुटणारी नव्हती.

परिचारिका मैत्रिणीने एक वही आणून दिली आणि सांगितले की आठ दिवस, जे घडेल ते, घडेल त्या वेळी, फक्त एका ओळीत लिहा; चांगले-वाईट काही ठरवू नका. आठ दिवसांनी ती वही मी पाहिली. बाईंचे वळणदार अक्षर, समासात वेळ: अकरा चाळीस, बूट. दोन दहा, मागचे दार. दोन पन्नास, मला ओळखले नाही. साडेचार, बूट. पानामागून पान असेच होते. बाईंनी ती वही स्वतः पहिल्यापासून वाचली आणि मग म्हणाल्या की आपला पहिला अर्जच खरा नव्हता. त्यांनी अर्ज नव्याने भरला, वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या, आणि वरचा दर मंजूर झाला. त्या पैशातून आठवड्यातील एक रात्र पगारी मदतनीस येऊ लागली. सभेचे पैसे न घेणाऱ्या बाईंनी हे पैसे घेतले, कारण ते यजमानांच्या नावाचे होते.

घसरलेले पाऊल

जानेवारीत एका रविवारी उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये एका सद्‌हेतू मित्राने उठून सांगितले की यजमानांचा आजार वाढला आहे, बाई खचल्या आहेत, आपण सर्वांनी त्यांना 'प्रकाशात धरावे'. एखाद्यासाठी मनोमन प्रार्थना करणे याला क्वेकर असे म्हणतात. हेतू निर्मळ होता, पण बाईंना विचारले नव्हते. सायंकाळपर्यंत गोष्ट सभेबाहेर गेली आणि सोमवारी औषधांच्या दुकानात एका ओळखीच्या बाईने त्यांचा हात हातात घेऊन सांत्वन केले. पुढचे दोन आठवडे बाईंनी आम्हाला दार उघडले नाही.

त्या मित्राने आणि क्लार्कने पत्र लिहून क्षमा मागितली. काळजी गट म्हणून आम्हीही मागितली, कारण काय सांगायचे आणि कोणाला सांगायचे हे बाईंना पहिल्याच दिवशी विचारून लिहून ठेवणे आमचे काम होते.

रविवारच्या उपासनेचा प्रश्न

फेब्रुवारीत बाई यजमानांना घेऊन पुन्हा सभेला येऊ लागल्या, आणि सर्वांत अवघड निर्णय तेव्हा समोर आला. यजमान शांततेत गुणगुणत, उठून बाकांच्या कडांवरून हात फिरवत चालत, आणि दोनदा मोठ्याने 'गाडी कधी सुटणार?' असे विचारले. बहुतेकांना त्याचे काही वाटले नाही. दोघांना मात्र वाटले, आणि त्यांची बाजूही हलकी नव्हती. त्यांतल्या एकीचा मुलगा काही महिन्यांपूर्वी गेला होता आणि आठवड्यातला हा एकच तास तिला स्वतःचा म्हणून मिळत होता.

एल्डर आणि काळजी गट एकत्र बसले. क्वेकर सभांत मतदान होत नाही. बोलणे आणि शांतता यांतून सभेचा कौल स्पष्ट होईपर्यंत थांबायचे, क्लार्कने तो तेथेच लिहून वाचून दाखवायचा आणि सर्वांनी मान्य करायचा, अशी पद्धत आहे. त्या सायंकाळी अडीच तासांत कौल झाला नाही आणि क्लार्कने तसेच नोंदवले. अर्धवट निर्णय लिहिण्यापेक्षा ते बरे झाले, असे माझे मत आहे, कारण मार्ग त्या बैठकीत कोणाला सुचलाच नव्हता. तो पुढच्या आठवड्यात मुलांच्या वर्गाचे काम पाहणाऱ्या तरुण मित्राला सुचला. मुले शेजारच्या खोलीत असतात आणि शेवटची पंधरा मिनिटे मोठ्यांत येऊन बसतात. यजमानांनी मुलांसोबत यावे, असे त्याने सुचवले. बाईंना आधी ते अपमानास्पद वाटले. तेव्हा त्याने बाईंना नव्हे, यजमानांनाच एक ओबडधोबड लाकडाचा तुकडा आणि घासकागद दिला. यजमानांनी अंगठ्याने लाकडाची रेघ चाचपली, कागद दुमडून ठोकळ्यावर गुंडाळला आणि रेघेच्या दिशेने घासू लागले. चाळीस मिनिटे ते एकदाही उठले नाहीत. दुसऱ्या रविवारी दोन मुलेही त्यांच्या शेजारी बसून घासत होती.

याशिवाय दर बुधवारी चार-पाचजण बाईंच्या घरी अर्धा तास उपासनेला बसू लागले. तेथे यजमान हवे तेवढे बोलत. ज्या मैत्रिणीला मुलाचे दुःख होते ती मात्र दरम्यान दुसऱ्या गावच्या सभेला जाऊ लागली होती आणि परत आली नाही. बाईंची सोय पाहण्याच्या धांदलीत आमच्यापैकी कोणीही तिच्या घरी गेले नव्हते.

पाळीचे मोडणे आणि पुढचा निर्णय

मार्चमध्ये पाळीतले तिघे आजारी पडले आणि एका मैत्रिणीने कोणाला न सांगता सलग नऊ आठवडे दोन्ही दुपारी एकटीने सांभाळल्या. ती स्वतः बहात्तर वर्षांची. ती थकून पडली तेव्हा हे आम्हाला कळले. पाळी लावताना ती किती दिवसांची आहे हे आम्ही ठरवलेच नव्हते, त्यामुळे बाहेर पडणे म्हणजे साथ सोडणे असे प्रत्येकाला वाटत होते. यानंतर पाळी सहा-सहा आठवड्यांची केली. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टनुसार देखभाल करणाऱ्या व्यक्तीलाही स्वतःच्या गरजांची तपासणी मागण्याचा हक्क आहे. ती आम्ही तेव्हा मागितली. डिसेंबरातच मागायला हवी होती, कारण तिला कित्येक महिने लागले.

यजमानांना देखभालगृहात ठेवायचे का, हा प्रश्न मे महिन्यात आला. बाईंनी 'क्लिअरनेस'ची बैठक मागितली. अशा बैठकीत संबंधित व्यक्ती स्वतः निवडलेल्या चार-पाच जणांसमोर आपला प्रश्न मांडते. त्यांनी सल्ला द्यायचा नसतो, फक्त प्रश्न विचारायचे असतात. आपण यजमानांना वचन दिले आहे, असे बाई वारंवार म्हणत होत्या. कोणीतरी विचारले की वचन नेमके कोणत्या शब्दांत दिले होते. बाईंनी पुष्कळ आठवून पाहिले; त्यांना शब्द आठवले नाहीत. बैठकीत निर्णय झाला नाही. तीन आठवड्यांनी यजमान जिन्यावरून पडले, आणि मग बाईंनी तो घेतला.

परिणाम

यजमान आता सहा मैलांवरील देखभालगृहात आहेत. बाई रविवारी येतात आणि खिडकीजवळच बसतात. त्यांचे वजन सावरले आहे, झोप अजून तुटकच आहे. दुसरीकडे गेलेली मैत्रीण अजूनही तिकडेच आहे. मी तिला उशिरा भेटले आणि तिने मला आत बोलावले.

पुन्हा करायचे झाले तर

सर्वांत मोठी राहून गेलेली गोष्ट कागदाची आहे. यजमानांना समज होती तेव्हा बाईंनी पैशांच्या व्यवहारांसाठी मुखत्यारपत्र करून घेतले होते, आरोग्यविषयक निर्णयांसाठीचे वेगळे मुखत्यारपत्र मात्र केले नव्हते, आणि आम्ही विचारले तोपर्यंत ते करण्याइतकी समज उरलेली नव्हती. वसंतात निदान झाले त्याच महिन्यात कोणी भेटायला गेले असते तर हा प्रश्न निघाला असता. आता गट निदान कळताच पहिल्या पंधरवड्यात जातो, नेहमी दोघे मिळून.

सलग दुसऱ्या रविवारी कोण दिसले नाही, हे पाहण्याचे काम आता दोन ठरावीक व्यक्तींकडे आहे. याला काहींनी हजेरी घेणे म्हणून विरोध केला होता. बाईंनी त्या चर्चेत उभे राहून सांगितले की आपण तीन वेळा 'ठीक आहोत' म्हणालो आणि तिन्ही वेळा समोरच्याने विश्वास ठेवू नये असे वाटत होते. त्या दोन व्यक्तींपैकी एक आता त्या स्वतः आहेत.

देखभालगृहात यजमानांजवळ बसण्यासाठी आम्ही नवी पाळी लावली आहे, सहा आठवड्यांची. जाणाऱ्याने घासकागद आणि लाकडाचा तुकडा न्यायचा असतो. कर्मचाऱ्यांनी त्याला परवानगी दिली आहे. या वेळच्या यादीत गुरुवारची दुपार अजून रिकामी आहे.